कागदांची ऊब

झेरॉक्सच्या यंत्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कागदांना एक वास असतो. जरासा जळका, जरासा गोडूस, तापलेल्या धुळीचा. आणि त्या वासाला बिलगूनच एक ऊब असते, इस्त्री करून घडी घातलेल्या कपड्यांना असते तशी, हाताला आधी कळणारी आणि नाकाला मागाहून. भर पावसात, बाहेर रस्ता वाहत असताना, एखाद्या अरुंद दुकानाच्या फळीवरून तो गरम गठ्ठा आपल्यापुढे सरकवला जावा, आपण तो पटकन उचलून पोटाशी धरावा, वरून रेनकोटाची बटणं लावावीत, आणि पुढचा सगळा रस्ता ती ऊब हळूहळू अंगात उतरत, विझत, जागी होत राहावी... सुख म्हणायला फार थोडं, पण त्या वयात तेवढं पुरायचं.

1998चा पावसाळा मला या उबेनंच आठवतो. मी तेव्हा एस.वाय.बी.एस्सी.ला होते, विषय भूशास्त्र, आणि मनात, कुणाला फारसं न सांगता, पुणं सोडायचं घाटत होतं. पदवी हातात घेऊन रीतसर जाणं वेगळं. मला मधूनच उठायचं होतं, दुसऱ्या वर्षाच्या बाकावरून थेट अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजच्या बाकावर जाऊन बसायचं होतं. आमच्या वर्गात कुणी असं केलेलं नव्हतं. एका मैत्रिणीच्या तिकडे असलेल्या दादानं हिशेब मांडून दाखवला होता: एम.एस.ला बहुतेक ठिकाणी शिक्षणाची सोळा वर्षं मागतात आणि आपल्या बी.एस्सी.पर्यंत भरतात पंधरा. मग इथे एम.एस्सी. करत बसण्यापेक्षा मध्येच ट्रान्स्फर घे, त्यांचीच चार वर्षांची पदवी मिळेल, पुढची वाट सरळ. हिशेब चोख होता. मला मात्र त्यातलं ‘मध्येच’ तेवढं आवडलं होतं. मध्येच उठून जाण्यात एक धिटाई असते असं विसाव्या वर्षी वाटतं.

पण मध्येच जायचं, तर आधी जगून झालेलं सगळं उसवून दाखवावं लागतं. तिकडची पदवी म्हणजे साधारण एकशेवीस क्रेडिटांची. त्यातली इथली किती धरायची हे ठरवायला त्यांना नुसती गुणपत्रिका पुरत नाही. प्रत्येक पेपरात काय शिकवलं, किती तास शिकवलं, प्रात्यक्षिकं कोणती, पुस्तकं कोणती, सगळं हवं, आणि त्या प्रत्येक पानावर कॉलेजचा सही-शिक्का हवा. विद्यापीठाची ती अभ्यासक्रमाची मळकट पुस्तिका घेऊन मी फर्ग्युसन रस्त्यामागच्या गल्लीतल्या दुकानात जायची. वीज हमखास गेलेली असायची. ती आली की यंत्र गरम व्हायला वेळ घ्यायचं. मग झाकणाखालून हिरवट उजेडाची पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश सरकायची, आणि दुकानाच्या अंधारात काकांचा चेहरा क्षणभर हिरवा होऊन विझायचा. पाकिटावरचा पत्ता त्यांनी एकदा वाचला असावा. ‘अमेरिकेला जायचेत होय? मग डार्क काढतो,’ म्हणाले. त्यानंतर माझे कागद ते नेहमी डार्क काढायचे.

ते कागद घरी आणून मी वाचत बसायची. खरं तर वाचायची गरज नव्हती. शिक्के मारून पाकिटात घालायचे, संपलं. पण उबदार असेपर्यंत त्यांना खाली ठेववत नसे, आणि हातात आहेत तर नजर जायचीच. ‘खनिजांचे प्रकाशीय गुणधर्म.’ ही ओळ मी परीक्षेआधी किती वेळा पाहिली असेन! त्या संध्याकाळी ती वाचताना मला सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलेला खडकाचा पातळ काप दिसला. बाहेरून काळा, मठ्ठ दिसणारा आपला बसाल्ट, आणि तिथे, फिरत्या चकतीवर, निळ्या-पिवळ्या-जांभळ्या तुकड्यांनी उजळून निघालेला. शेजारची मुलगी ‘अगं बाई’ एवढंच म्हणाली होती. अभ्यासक्रमात त्याला एक ओळ होती आणि पुढे तासांचा आकडा होता. ती ओळ तिकडच्या कुण्या परक्या माणसाला कळावी म्हणून मी तिचं इंग्रजी पुन्हा पुन्हा घोटून पाहत होते, आणि घोटता घोटता ती मलाच नव्यानं कळत होती.

जायचं का होतं? कंटाळा, दुसरं काय. पुण्याच्या चारी दिशांना एकच दगड. टेकडीवर चढा, बसाल्ट. विहिरीत डोकवा, बसाल्ट. शनिवारवाड्याचं जोतं, देवळाची पायरी, रस्त्याची खडी, सगळं तेच काळं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि पाच लाख चौरस किलोमीटर जमीन त्याखाली झाकून गेली, हे वाचताना छाती दडपते खरी, पण रोज त्याच जमिनीवरून सायकल हाणणाऱ्या मुलीला त्याचं अप्रूप किती दिवस राहणार? डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन सेंटरमध्ये मी तिकडच्या कॉलेजांच्या जाड्या सूची चाळायची, आणि फीचे रकाने सोडून चित्रंच बघत बसायची. पुस्तकाची पानं चुरगळावीत तसे वळ्या पडलेले डोंगर. हिमनदीनं घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट. दहा पावलांवर खडक बदलतो असा प्रदेश! त्या चित्रांवरून बोट फिरवताना मला घशाशी काहीतरी दाटून यायचं. परतीच्या गाडीत खंडाळ्याच्या बोगद्यांतून अंधार-उजेड पाठशिवणी खेळत असताना मी खिडकीबाहेर बघतसुद्धा नसे. बाहेर काय, तेच.

अर्जासोबत एक निबंध मागितला होता. सध्याचं कॉलेज सोडून आमच्याकडे का यायचं आहे, ते लिहा. मी एका बैठकीत लिहिलं, आणि त्या दादाला इ-मेलनं पाठवलं. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून त्याचं उत्तर उघडलं, तर त्यात चारच ओळी. असं चालत नाही. आहेस त्या कॉलेजला नावं ठेवू नकोस. जी मुलगी आपल्या जागेविषयी वाईट बोलते तिला ते घेत नाहीत. तिथे तुला काय मिळालं ते लिही, आणि आता पुढे काय हवंय ते लिही.

काय मिळालं ते लिही! मी वही घेऊन बसले. पहिला दिवस काहीच सुचेना, म्हणजे तक्रारींखेरीज काही सुचेना. आणि त्या तर खोडायच्या होत्या. त्या एकेक खोडत गेले, आणि पानावर जागा होत गेली. त्या जागेत मग कुठून कुठून गोष्टी येऊन बसू लागल्या. दगडी इमारतीतला तो थंडगार व्हरांडा, ज्याच्या भिंतीतल्या एका चिऱ्यात बोटाएवढा पोकळ खड्डा आहे आणि त्यात पांढऱ्या झिओलाइटचे स्फटिक आहेत, येता-जाता प्रत्येक मुलगा त्यात बोट घालून जातो म्हणून गुळगुळीत झालेले. नमुन्यांच्या लाकडी खणांचा वास. प्रयोगशाळेतले मामा, जे कुठलंही खनिज नाव न वाचता नुसतं हातात तोलून ओळखायचे आणि इंग्रजी नावं आपल्या सोयीनं उच्चारायचे. हे सगळं मी इंग्रजीत कसंबसं बसवत होते, परक्या माणसाला पटेल असं, आणि प्रत्येक वाक्यागणिक माझ्या लक्षात येत होतं की या जागेची इतकी बारीक चौकशी मी आजवर केलीच नव्हती.

मग शिफारसपत्रं. ती मागायला मी सरांकडे गेले. ज्यांना सोडून जायचं त्यांच्याकडेच, मी चांगली आहे असं लिहून द्या, म्हणून जायचं. ट्रान्स्फरची रीतच तशी आहे. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जाऊ नकोस म्हणाले नाहीत, जा असंही नाही. ‘दोन वर्षांत तू काय पाहिलंस ते एका कागदावर लिहून आण. शिकलीस ते नको, ते मला ठाऊक आहे. पाहिलंस ते.’

तो कागद लिहायला मी टेकडीवर गेले. ऑक्टोबरचं ऊन, गवत पिवळं पडायला लागलेलं, खाली शहराचा हलका गुंजारव. पाहिलेलं आठवताना मनात एकेक जागा उभी राहत होती, आणि त्यातल्या निम्म्या जागा मला बसल्या ठिकाणाहून दिसत होत्या. मी लिहून नेलेला कागद सरांनी दोनदा वाचला. मग कपाट उघडून त्यांनी एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली प्रत काढली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून काही संशोधक आले होते, मुंबईच्या आयआयटीतल्या लोकांबरोबर सह्याद्रीचे घाट पायाखाली घालून गेले होते, आणि लाव्हाच्या थरांची रासायनिक ओळख पटवून त्यांनी त्या थरांना नावं दिली होती. मी ती यादी वाचली. ठाकूरवाडी. खंडाळा. पोलादपूर. आंबेनळी. इंग्रजी ओळींच्या मधोमध ही आपली गावं अशी ओळखीच्या माणसांसारखी उभी होती, आणि मला एकाएकी भरून आलं. सर म्हणाले, ‘तू जा. पण तिथल्या लोकांना बघायला इथे यावं लागतं असं काय आहे, ते एकदा बघून जा.’ पत्र त्यांनी पाकिटात बंद करून, वरच्या घडीवर आडवी सही करून दिलं. त्यात काय लिहिलं होतं ते मला कधीच कळलं नाही.

डिसेंबरात आमची सहल आंबेनळी घाटात गेली. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरताना रस्त्याच्या कडेला डोंगर कापलेला आहे. काळ्या थरांच्या मधून एखादा विटकरी पट्टा जातो, हातभर रुंद, मऊ. दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतीचा तो पट्टा. एक लोट थंड होऊन त्याची माती झाली, तीवर ऊन-पाऊस पडले, आणि मग पुढचा लोट आला, त्यानं ती भाजून काढली. पुस्तकात हे होतंच. पण मी त्या पट्ट्यावर तळवा ठेवून उभी राहिले, सकाळच्या उन्हानं तो तापला होता, आणि त्याची ती कोमट ऊब थेट माझ्या पोटाशी पोचली, झेरॉक्सच्या कागदांची ओळखीची ऊब. का, ते सांगता येत नाही. शरीर आपले दुवे आपण जोडतं.

तेव्हा मला जे जाणवलं ते पुढे कित्येक वर्षं मी कुणाला नीट सांगू शकले नाही. जाण्यासाठी म्हणून मी जे जे केलं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीनं मला इथे रुजवलं होतं. मार्क चांगले हवेत म्हणून मी पहिल्यांदा मन लावून अभ्यास केला. पत्र हवं म्हणून सरांशी पहिल्यांदा विद्यार्थिनीसारखी बोलले. निबंधासाठी कॉलेजकडे मायेनं पाहावं लागलं. जो इथे नीट उगवला नाही त्याला तिकडे लावून घ्यायला कुणी तयार नसतं. आणि नीट उगवायला लागलं की मुळं कुणाला विचारून धरत नाहीत. मी कंटाळले तेव्हाच मला कुणी उचलून नेलं असतं, तर मी हसत गेले असते. पण तसं कुणी नेत नाही. आधी सगळं प्रेमानं मोजायला लावतात, मग विचारतात, येतेस का?

येतेस का, असं विचारणारं पत्र एप्रिलमध्ये आलं. जाड पाकीट. जाड पाकीट म्हणजे होकार, हे सगळ्यांना माहीत असायचं, त्यामुळे पोस्टमनच्या हातातच उत्तर कळलं. आत क्रेडिटांचा तक्ता होता. गणित, भौतिकशास्त्र धरलं होतं. भूशास्त्राचे काही पेपर अर्धे धरले होते, काही नुसते ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला ठेवले होते. माझ्या दोन वर्षांचं त्यांच्या हिशेबात सव्वा वर्ष झालं होतं. ज्या तक्त्यात सगळं सामावणं शक्य नव्हतं, त्यात ते सामावलं नाही याचं वाईट वाटायला नको होतं. वाटलं.

बाबांनी रात्री जेवणं झाल्यावर जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर हिशेब मांडला. डॉलर त्रेचाळीस रुपयांच्या आसपास होता. बाहेरदेशीच्या, त्यातून मधूनच येणाऱ्या मुलांना तिथली कॉलेजं आर्थिक मदत फारशी देत नाहीत. आम्हांला थोडीशी फीसवलत तेवढी मिळाली होती. भविष्य निर्वाह निधी, बचतपत्रं, गावाकडच्या जमिनीतला वाटा, सगळं एकाखाली एक. दोन वर्षांची तीन होणार हे त्यांनी न बोलता धरलं होतं. आजी म्हणाली, ‘मधूनच कशाला गं? पुरं करून जा की.’ आईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हांला काय वाटतं?’ त्यांनी पेनाचं टोपण लावलं. बाबा फार बोलत नसत, त्या रात्री बोलले. ‘बाबासाहेबांचं लंडनचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत यावं लागलं. बोटीनं वेगळी पाठवलेली पुस्तकं पाणतीरानं बोटच बुडवली त्यात गेली. ते तीन वर्षांनी पुन्हा गेले आणि 1923ला डी.एस्सी. घेतली. तेव्हा अर्ध्यात सुटण्याला फार भिऊ नकोस. इथलं सुटलं तर इथलं, तिथलं सुटलं तर तिथलं. पैशाचं मी बघतो.’

त्यांनी असा दोन्ही बाजूंचा आधार दिला, आणि मला रडू फुटलं. अडवलं असतं तर मी गेले असते, हट्टानं.

निर्णय म्हणावा असा क्षण काही आला नाही. मुदत जवळ येत गेली आणि मी पाहत होते की माझ्या हातून ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधल्या व्हिसाच्या रांगेची चौकशी होत नाही, बँकेचं पत्र आणलं जात नाही, उलट टी.वाय.च्या प्रकल्पासाठी कुठला घाट घ्यावा, याची टिपणं मात्र होत आहेत. एका दुपारी सायबर कॅफेत बसून मी त्यांना आभाराचं, नकाराचं पत्र लिहिलं. लिहायला बराच वेळ लागला. बाहेर पडले तेव्हा वळिवाचा पहिला थेंब रस्त्यावर टपकत होता. असो.

पुढे मी भूजलाच्या कामात शिरले. विहिरींच्या काठांवर वाकून थर वाचायचे, कुठला पाझरतो, कुठला नाही ते गावकऱ्यांना सांगायचं. बसाल्टनं मला आयुष्यभर पुरेल इतकं वाचायला दिलं. तरी राहिले ते बरंच झालं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. योसेमिटीच्या ग्रॅनाइटचं चित्र दिसलं की अजून बोट तिकडे जातं. 2015च्या सुरुवातीला प्रिन्स्टनच्या संशोधकांचा एक शोधनिबंध आला. सह्याद्रीतल्या त्याच लाल पट्ट्यांतून झिरकॉनचे बारीक कण वेचून त्यांनी त्यांचं वय काढलं होतं, आणि डायनासोर नाहीसे होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी हे मुख्य उद्रेक सुरू झाले, असं सांगितलं होतं. वाचून अभिमान वाटला, आणि त्याच श्वासात हेवा. तो पट्टा माझ्या तळव्याखाली होता. तो कण मोजणारं यंत्र मात्र तिकडे होतं. दोन्ही खरं आहे. मी त्यातलं एकच घेऊ शकले.

परवा बहिणीची मुलगी आली होती. तीही दुसऱ्या वर्षाला, तिलाही मधूनच जायचंय. तिचं सगळं सुटसुटीत आहे. चार वर्षांची पदवी, क्रेडिटं सरकारी डिजिटल खात्यात जमा, अभ्यासक्रम संकेतस्थळावर, आणि उरलेलं सगळं करून द्यायला एक कन्सल्टन्ट. कॉलेज का सोडायचं आहे, तो निबंधही तोच लिहून देणार. ‘मावशी, तू गेली असतीस तर बरं झालं असतं का गं?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही आणि तुझ्या कामाचंही नाही. मग तिच्या फोनवर तो तयार निबंध वाचला. सफाईदार होता, त्यात तिचं कॉलेज कुठेच नव्हतं.

‘हा पाठवू नकोस,’ मी म्हटलं. ‘तू लिही. कुणाला नावं न ठेवता लिही, आणि सरांकडे पत्र मागायला मेल न पाठवता स्वतः जा. त्यात महिना मोडेल, मोडू दे. एवढं करून, इथलं सगळं नीट डोळ्यांखालून घालूनही जावंसं वाटलं, तर ते जाणं तुझं. मग किती क्रेडिटं धरणार ते फी भरायच्या आधी लेखी मागून घे, आणि नीघ.’